शेमातले शब्द

इस्रायलला आल्यावर पहिली अडचण कोणती आली, असे आमच्या पिढीतील कोणासही विचारा. कोणी घराचे सांगेल, कोणी नोकरीचे, कोणी नेगेवच्या धुळीचे. पण वाचकहो, जरा खोलात गेलात तर साऱ्यांच्या मुळाशी भाषा सापडेल. मुंबईत ज्यांनी कचेरीत इंग्रजी पत्रे टाइप केली, ते येथे गिरणीत पाळी करू लागले, कारण हिब्रूत साधा अर्ज लिहिता येईना. कमीपणा वाटला, तो लपवण्यात अर्थ नाही.

जेरुसलेमला ‘एत्सिओन’ हे पहिले उलपान १९४९ साली निघाले. तेथे पाच-पाच महिने राहून हिब्रू शिकण्याची सोय असे. परंतु संसारी माणसाला पाच महिने कमाई सोडून बसणे कसे परवडावे? आम्ही दिमोनात पाळी संपवून, डोळ्यांवर झोप घेऊन संध्याकाळच्या वर्गाला जात असू.

एके दिवशी बाईंनी हात वर करून विचारले, याला काय म्हणतात? सारा वर्ग गप्प. मागच्या बाकावरून आमच्या नात्यातल्या एक मावशी हळूच म्हणाल्या, ‘यादेखा.’ शेमा त्यांना लहानपणापासून पाठ, पण अर्थ कोणी सांगितला नव्हता. टेफिलीन बांधण्याच्या ओळीत हात असणार, एवढा तर्क त्यांनी केला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, शेवटचा ‘खा’ काढा, तो ‘तुझा’. उरला ‘याद’, म्हणजे हात.

त्या रात्री घरी येऊन आम्ही शेमा म्हटला तो अर्ध्या तासाचा झाला. घर सापडले, ‘बायित’. वाट, ‘देरेख’. मुलगे, ‘बानीम’. डोळे, फाटक, पाऊस, धान्य, सारे त्यातच. आम्हां शनवार तेल्यांच्या वंशजांना तेलही मिळाले, ‘यित्सहार’! दुकानात मात्र ते चालेना, तेथे ‘शेमेन’च मागावे लागे. कोंकणातल्या पूर्वजांजवळ ग्रंथ नव्हते, शेमा तेवढा राहिला होता, असे आपण ऐकत आलो. त्यांनी आमच्यासाठी शब्दांची शिदोरी बांधून ठेवली होती म्हणायची.

दुसरा लाभ मराठीने दिला. पुरुष म्हणतो ‘आनी होलेख’, बाई म्हणते ‘आनी होलेखेत’. इंग्रजीच्या वळणावर वाढलेली मंडळी येथे अडखळत. आम्हांस त्यात नवल काय? ‘मी जातो’, ‘मी जाते’ हे आईच्या मांडीवरच शिकलेलो. आकड्यांनी मात्र पुरते छळले. तीन पुरुष म्हणताना ‘श्लोशा’, तीन बायका म्हणताना ‘शालोश’. कानाला सगळे उलटेच. ते अजूनही घाईत चुकते.

आणखी एक गोष्ट. हिब्रूत ‘तुम्ही’, ‘आपण’ असा मान नाही. मुकादमही ‘आता’ आणि शेजारचा पोरगाही ‘आता’, म्हणजे ‘तू’. वडीलधाऱ्यांना असे बोलताना आमची जीभ जड होई. पण गिरणीतल्या वरिष्ठाला ‘तू’ म्हणून, पाळी बदलून दे असे उभ्याउभ्या सांगता येऊ लागले, तेव्हा या भाषेची एक निराळीच गोडी कळली. मुंबईत साहेबासमोर असे तोंड उघडले नसते. घरी मात्र सासऱ्यांना आम्ही मराठीतच हाक मारीत राहिलो.

आता पाळी नातवंडांची आहे. हिब्रूत दोनच लिंगे, त्यामुळे मराठीतले तिसरे त्यांना कोठून यावे? ‘बायित’ पुल्लिंगी, म्हणून धाकटी ‘तो घर’ म्हणते, आणि ‘ळ’ तर तिच्या टाळूला लागतच नाही. परवा तिने पुरणपोळीला ‘पोली’ म्हटले. आम्ही ‘पोळी’ म्हणून दाखवले. तिने पुन्हा ‘पोली’ म्हटले, आणि दुसरी मागितली.