घराचा नंबर काय?

तुमच्या घरी लँडलाइन आहे? वाय-फायच्या डब्याबरोबर फुकट येते ती नव्हे हं. खरीखुरी, तांब्याच्या वायरवाली, घरातली वीज गेली तरी चालणारी! (तिला करंट थेट एक्स्चेंजमधून यायचा ना.) आमच्याकडे गेल्या महिन्यापर्यंत होती. दादरला, आई राहते त्या घरी.

हिशेबाने बघाल तर ती केव्हाच जायला हवी होती. 1995 मध्ये देशात मोबाइल आला तेव्हा एका मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत मोजावे लागत आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. तेव्हा लँडलाइनला कसलं टेन्शन? पण मे 2003 पासून इनकमिंग फ्री झालं आणि गणितच फिरलं. ऑक्टोबर 2004 मध्ये देशातले मोबाइल लँडलाइनच्या पुढे गेले. वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टमध्ये थांबून मिळालेला, आल्यावर पेढे वाटलेला आमचा फोन हॉलमधला शोपीस झाला.

मोबाइल माणसाचा असतो, लँडलाइन घराची असायची. मित्राला फोन केला की आधी त्याची आई उचलणार. 'कोण हवंय?' मग 'जेवलास का? पेपर कसा गेला?' मैत्रिणीकडे फोन म्हणजे तर थेट इंटरव्ह्यूच! तिच्या बाबांनी उचलला तर नोट्सचं कारण तयार ठेवायचं. तेव्हा जाम वैताग यायचा. पण मित्रांच्या घरची माणसं ओळखीची झाली ती त्या दोन मिनिटांमुळेच. आज दहा वर्षं शेजारच्या डेस्कवर बसणाऱ्या कलीगच्या आईचा आवाज कसा आहे, मला ठाऊक नाही.

11 जुलै 2006 ची संध्याकाळ आठवते. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि मोबाइलचं नेटवर्क जाम झालं. मी ऑफिसातल्या डेस्कवरच्या फोनवरून घरी कळवलं. आमच्या नात्यातले पाच जण रोज त्या लाइनने येणारे. जो तो मिळेल तिथून, कुणी पीसीओवरून, कुणी दुकानातून, दादरलाच फोन करत होता. कारण पाठ असलेला नंबर तोच! आई टेलिफोनच्या वहीत नावांपुढे टिक करत बसली होती. शेवटची टिक पावणेअकराला झाली. तोवर ती जागची हलली नव्हती.

यंदा फोन बंद करायचा विषय तिनेच काढला. 'आता येतात ते सगळे लोनवालेच,' म्हणाली. मी सुचवलं, नंबर मोबाइलवर घेऊ या का? पण ते होत नाही. 2011 मध्ये देशभर नंबर पोर्टेबिलिटी आली ती मोबाइल टू मोबाइल. लँडलाइनचा नंबर जातो तो जातोच.

मग पंधरा दिवस आईने ती वही पुढ्यात घेऊन एकेक नंबर फिरवला. बरेचसे अस्तित्वातच नव्हते. बाबांच्या ऑफिसातले एक काका मात्र पहिल्या रिंगला भेटले. बाबा गेल्याचं त्यांना माहीतच नव्हतं. दोघं तासभर बोलली. मोबाइल नंबर घ्यायचा राहिला म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन!

आता हॉलमध्ये जुन्या फोनच्या जागी एक साधा बटणांचा मोबाइल ठेवलाय. कायम चार्जरला लावलेला, कुणाच्याच मालकीचा नसलेला. नंबर सगळ्या नातेवाइकांना दिलाय आणि माझ्या मुलीकडून पाठ करून घेतलाय. परवा तिच्या मैत्रिणीने त्यावर फोन केला आणि आईने उचलला. वीस मिनिटं झाली तरी मुलीच्या हातात फोन आला नव्हता. शेवटी तीच ओरडली, 'आजी, फोन माझा आहे!'

आई म्हणाली, 'थांब गं, आमचं बोलणं चाललंय.'