उणे चिन्हाचा मान

सरकारी हिशेबाच्या टेबलावर ज्याने काही वर्षे काढली आहेत, त्याच्या मनावर अधिक आणि उणे ह्या दोन चिन्हांविषयी काही पक्के संस्कार झालेले असतात. अधिक म्हणजे शिल्लक. तिच्याविषयी सहसा कुणी विचारीत नाही. उणे म्हणजे तूट. तिचा लेखी खुलासा द्यावा लागतो. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या सामन्यांवर पैजांचे जे भाव निघतात ते मी प्रथम पाहिले, तेव्हा ह्या संस्कारालाच धक्का बसला. तेथे ज्याच्या नावापुढे उणे तो बलवान, आणि ज्याच्यापुढे अधिक तो बापडा दुबळा!

हे भाव पाहण्याचे कारण म्हणजे माझा धाकटा भाऊ. शाळेच्या मैदानावर बास्केटबॉल खेळून गुडघे फोडून घेतलेला हा गडी आज न्यू जर्सीत नोकरी करतो. खेळांवरील पैजांना अमेरिकेत बहुतेक राज्यांत १९९२ च्या कायद्याने मज्जाव होता. त्याविरुद्ध न्यायालयात गेले ते न्यू जर्सी राज्यच. आणि मे २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. तेव्हापासून एकामागून एक राज्याने दार उघडले. भावाचे सहकारी जेवणाच्या सुट्टीत आता ह्याच भावांची चर्चा करतात. एकदा त्याने एका सामन्याचे आकडे मला पाठवले आणि विचारले, "दादा, तू हिशेबातला माणूस. ह्यात फायदा कुणाचा, तेवढे सांग."

हिशेब पाहिला, तर तो कठीण नाही. समजा, बॉस्टनचा भाव उणे १५० आणि न्यूयॉर्कचा अधिक १३० आहे. दोन्हीकडे माप शंभराचेच. बॉस्टनवर शंभर डॉलर मिळवायचे, तर दीडशे लावावे लागतात. न्यूयॉर्कवर शंभर लावले, तर एकशे तीस मिळतात. जिंकल्यास मूळ रक्कम परत येते ती वेगळी. म्हणजे उणे हा बलवानाचा मान आहे खरा, पण त्या मानाची किंमत पैज लावणारा मोजतो.

आता ह्याच भावांतून जिंकण्याची शक्यता काढू. बॉस्टनसाठी १५० ला २५० ने भागले की येतात शेकडा ६०. न्यूयॉर्कसाठी १०० ला २३० ने भागले की येतात सुमारे साडेत्रेचाळीस. बेरीज होते एकशे साडेतीन. बास्केटबॉलमध्ये सामना बरोबरीत सुटत नाही. गुण समान झाले तर पाच मिनिटे जादा खेळ होतो आणि निकाल लागेपर्यंत तो चालतो. दोघांपैकी एकच जिंकणार, तर शक्यतांची बेरीज शंभरच व्हायला हवी. वरचे साडेतीन आले कोठून? ते बुकीचे. भाव म्हणजे भविष्य, असे नवख्याला वाटते. वास्तविक ती दुकानदाराने लावलेली किंमत असते आणि तिच्यात त्याचा नफा आधीच धरलेला असतो.

दुसरा प्रकार अधिक चतुर आहे. बलवान संघ जिंकणार हे उघड असेल, तर पैजेत रंग कसा भरावा? म्हणून त्याच्या पाठीवर आधीच काही गुणांचे ओझे ठेवतात. बॉस्टन उणे साडेपाच असा भाव असला, तर बॉस्टनने निदान सहा गुणांनी जिंकले पाहिजे. पाचांनी जिंकले तर मैदानावर जय आणि पैजेत पराजय! अर्धा गुण ह्या खेळात कुणालाच मिळत नाही. पैज बरोबरीत सुटून पैसे परत करण्याची पाळी येऊ नये, एवढ्यासाठी तो निर्माण केलेला. एका बाजूला फार पैसा लोटला, किंवा एखादा मोठा खेळाडू जायबंदी असल्याची वार्ता आली, की साडेपाचाचे साडेसहा होतात.

ह्या प्रकारात दोन्ही बाजूंचा भाव बहुधा उणे ११० असतो. एकाने इकडे ११० लावले, दुसऱ्याने तिकडे ११०. बुकीकडे २२० जमले. जिंकणाऱ्याला त्याने २१० दिले, उरले १०. बाजारसमितीतल्या अडत्यासारखे हे आहे. माल कुणाचा का असेना, आडत ठरलेली. नाणेफेकीइतकीच खात्री असलेल्या अशा हजार पैजा कुणी लावल्या, तर पाचशे जिंकून ५०,००० मिळतील आणि पाचशे हरून ५५,००० जातील. नुसते बरोबरीत राहायचे, तरी शंभरात बावन्नाहून थोडे अधिक वेळा अंदाज खरा ठरला पाहिजे. असे करणारे थोडे लोक असतात, नाही असे नाही. परंतु सतत जिंकणाऱ्याला बुकी मोठी रक्कम लावू देत नाही.

इतपत गणित झाल्यावर मी थांबायला हवे होते. पण त्या साडेपाच गुणांनी मला थांबू दिले नाही. ह्या आकड्यामुळे एक नवीच सोय झाली. संघाला न हरवता खेळाडूला बेइमान होता येऊ लागले. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजच्या संघाने १९५० साली देशातील दोन्ही मोठ्या महाविद्यालयीन स्पर्धा जिंकल्या. पुढल्याच वर्षी त्यातील काही खेळाडूंना गुणांचा फरक हाताळण्यासाठी पैसे घेतल्यावरून अटक झाली. पुढे पैजा आणखी बारीक झाल्या. एकेका खेळाडूचे गुण किती होतील, ह्यावरही भाव निघू लागले. टोरोंटोचा जाँटे पोर्टर जानेवारी आणि मार्च २०२४ मध्ये दोन सामन्यांतून प्रकृतीचे कारण सांगून काही मिनिटांतच बाहेर पडला. त्याचे आकडे कमी भरतील, अशा पैजा आधीच लागलेल्या होत्या. एप्रिलमध्ये त्याला तहहयात बंदी झाली.

संघ हरवायला माणसाला मन फार घट्ट करावे लागत असेल. दोन चेंडू कमी टाकायला तेवढे लागत नाही. आपल्या कचेऱ्यांतून हे आपण सर्वांनी पाहिले आहे. खोटा कागद करणारा विरळा. खरा कागद दोन दिवस टेबलावर झोपवणारा मात्र सापडतो, आणि आपण काही वाईट केले असे त्याला वाटतही नाही.

मुंबईने हा आकड्यांचा मोह फार पूर्वी पाहिला आहे. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव काय उघडला आणि काय बंद झाला, ह्यावर मुंबईत लोक आकडा लावीत. तिकडून येणारे ते भाव १९६० च्या दशकाच्या आरंभी बंद पडले. लोकांनी आकडा सोडला नाही. मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या आणि मटका रूढ झाला. कापूस गेला, आकडा तेवढा राहिला. आज तो आकडा खिशातल्या फोनमध्ये शिरला आहे. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, तो काही उगाच नव्हे.

भावाला मी हिशेब कळवला. उपदेश केला नाही. तो मिळवता आहे, आणि तिकडचा कायदा त्याच्या आड येत नाही. त्याने पैज लावली की नाही, हेही मी विचारलेले नाही. मात्र तिकडे संध्याकाळी सातला सामना सुरू होतो तेव्हा हिवाळ्यात दिल्लीत पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, आणि मी उठून चहा ठेवीपर्यंत कधीकधी त्याचा फोन येतो. कुणी पाठ न वळवता चेंडू कसा मागे दिला, कुणी हवेतल्या हवेत हात कसा बदलला, हे तो मला सांगत असतो. मला त्यातले निम्मे कळत नाही, तरी ऐकायला बरे वाटते. ज्या पहाटे तो एवढेच सांगेल की अमका संघ चारच गुणांनी जिंकला, आणि त्याचा आवाज उतरलेला असेल, त्या पहाटे मला काही विचारावे लागणार नाही.