हात पोचेना

सकाळपासून बाबांच्या पद्मिनीच्या डॅशबोर्डखाली उताणा पडलोय. पाय दाराबाहेर, डोकं क्लचपाशी, तोंडात टॉर्च.

इंडिकेटर लागतो, पण लुकलुकत नाही. म्हणजे फ्लॅशर गेला. काडेपेटीहून लहान डबी. आत दोन धातूंची एक पट्टी. आतून वीज वाहिली की तापते, वाकते, जोड तुटतो. निवली की पुन्हा जुळतो. ती टिकटिक तिचीच. नवी डबी खिशात आहे, पण जुनीपर्यंत हात जायला हवा ना! गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून आली तेव्हा इथं मोकळी जागा असणार. मग डायनॅमो जाऊन आल्टरनेटर आला, टेप आला, कुणीतरी एसी टांगला. तो सोडवायचा तर आधी गॅस काढायचा. प्रत्येकाने आपली वायर ओढली, जुनी कुणीच काढली नाही.

नजर जात नाही तिथं बोटंच चाचपडतात. कडक झालेलं इन्शुलेशन, थंड पत्रा, मग एक चिकट टेप. बाबांचा दाढीचा आरसा आत सरकवला. टेपवर बॉलपेनची पुसट, उलटी अक्षरं. जरा वेळाने लागली: ‘हॉर्न’. बाबांचा तो वळणदार ‘ह’.

हॉर्न तर दुसऱ्याच वायरवर वाजतो. ही कुठून येते, कुठं जाते, कळलं नाही. ओढून बघायचा धीर झाला नाही.

मनगटावर ओरखडा आलाय. फ्लॅशर अजून तिथंच आहे. संध्याकाळी गाडी काढलीच तर बाबांसारखा खिडकीतून हात दाखवून वळेन.