खेळशील ना?

वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी, छोट्या कॉलेजात मी नोकरीभर फिजिकल डायरेक्टर होतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो आणि तिथून येऊन बास्केटबॉल शिकवायला लागलो. मैदान सिमेंटचं. बहुतेक मुलींनी कॉलेजात येईपर्यंत रिंग पाहिलेली नसायची. त्यांना ड्रिबलपासून शिकवून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरवणं हे माझं काम, आणि ते मी जीव लावून केलं. पण एक चूक माझ्या हातून वर्षानुवर्षं होत राहिली आणि तिची किंमत माझ्या एका खेळाडूनं मोजली.

संघात १२ खेळाडू घेता येतात. छोट्या कॉलेजात तेवढ्या मुली जमवणं हेच मोठं काम. मी गावोगावी जाऊन आईवडिलांना समजावायचो, मुली आणायचो, आणि मग त्यांतल्या पाच-सहा जणींनाच खेळवायचो. बाकीच्या सरावात पास द्यायला उभ्या राहायच्या, सामन्यात पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या. खेळाडू मैदानात उतरली की स्कोअरशीटवर तिच्या नावापुढे फुली मारतात. त्या काळातल्या स्कोअरशीटच्या कार्बन प्रती माझ्याकडे आहेत. निम्म्या नावांपुढची चौकट कोरी आहे. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

२००० साली आंतरराष्ट्रीय महासंघानं, म्हणजे फिबानं, नियम बदलले. २० मिनिटांच्या दोन हाफऐवजी १० मिनिटांचे चार क्वार्टर आले. बास्केटसाठी ३० सेकंद मिळायचे, त्यांचे २४ झाले. चेंडू १० ऐवजी ८ सेकंदांत मध्यरेषेपलीकडे न्यावा लागू लागला. पुढे आमच्या स्पर्धांतही खेळ वेगवान झाला. वेग वाढला की पाय लवकर थकतात, आणि थकलेल्या पायांवर उडी मारून उतरताना गुडघा सांभाळला जात नाही. त्यात मुलींच्या गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट तुटण्याचं प्रमाण त्याच खेळातल्या मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर कसं उतरायचं हे शिकवलं तर धोका कमी होतो. मी नवे नियम पाठ केले, पण सराव जुनाच ठेवला आणि तेवढ्याच पाच-सहा जणींना पळवत राहिलो.

एका वर्षी आम्ही पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचलो. आमची सेंटर आठवडाभर आधी सरावात पडली होती आणि तिचा उजवा गुडघा सुजला होता. त्यावर क्रेप बँडेज होतं. वॉर्म-अपमध्ये ती लेअप मारून उतरली तेव्हा सगळा भार तिनं डाव्या पायावर घेतला, उजवा नुसता टेकवला. मी ते पाहिलं. जवळ जाऊन विचारलं, "खेळशील ना?"

"हो सर."

जिला मी घरच्यांकडून मागून आणलं होतं, ती कोवळ्या वयाची मुलगी दुसरं काय म्हणणार होती? निर्णय माझा होता आणि तो मी तिच्या तोंडून वदवून घेतला.

चौथ्या क्वार्टरमध्ये ती रिबाउंडसाठी उसळली. चेंडू तिच्या हातात आला, पण उतरताना गुडघा आत वळला आणि ती खाली बसली. मी बेंचकडे वळलो. कुणाला पाठवावं ते सुचेना, कारण सामन्याचा अनुभव मी तिथल्या कुणालाच दिला नव्हता. सुजलेल्या गुडघ्यानं एकीला खेळवण्याची वेळ माझ्यावर अचानक आली नव्हती. ती मीच वर्षभर ओढवून आणली होती.

सामना हरलो. अमरावतीला एमआरआय झाला, एसीएल पूर्ण तुटलं होतं. घरच्यांच्या हातात कापसाचे पैसे आल्यावर शस्त्रक्रिया झाली. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. ते धावणं तिला पुन्हा जमलं नाही. तिचे वडील मला एवढंच म्हणाले, "सर, तुमी होते म्हणून काळजी नव्हती आमाले."

तिला भेटायला मी कित्येक महिने गेलो नाही. कामाची कारणं सांगत राहिलो, खरं म्हणजे तोंड दाखवायची लाज वाटत होती. शेवटी गेलो, माफी मागितली. तिनं माझं बोलणं ऐकून घेतलं आणि बेंचवरच्या एका मैत्रिणीचं नाव घेऊन विचारलं, "सर, आता तिला खेळवता ना?"

त्यानंतर मी सराव सामन्यांत सगळ्या जणींना वेळ वाटून दिला. उडी मारण्याआधी उतरायला शिकवू लागलो. दुखापत झालेल्या मुलीला खेळवण्याआधी एका पायावर उड्या मारायला, उठाबशा काढायला लावून पाहायचो आणि शंका आली की सांगायचो, "आज तू बसायचं." मुली रडायच्या, रागवायच्या. तो राग माझ्या वाट्याचाच होता. काही वर्षं आम्ही पहिल्याच फेरीत बाद झालो, प्राचार्यांनी जाब विचारला, तो मी दिला. हळूहळू बेंचवरून उठून सामना सावरणाऱ्या मुली तयार झाल्या.

हे सगळं मला त्या वर्षाआधीही करता आलं असतं. त्याला ना जादा पैसा लागत होता, ना इनडोअर हॉल.