इम्पोर्टेड म्हणे!

सेकंडहँड मर्सिडीज घ्यायला फारसे पैसे लागत नाहीत. हसू नका, खरंच सांगतोय. चाळीस वर्षांहून जुनी, इम्पोर्टेड, बॉनेटवर तो जगप्रसिद्ध तीन टोकांचा तारा... आणि मी मोजलेली किंमत एखाद्या साध्या नव्या हॅचबॅकपेक्षाही कमी. मित्रांमध्ये एकदम भाव वाढतो, राव! प्रश्न त्यानंतर सुरू होतात. आमच्या आईच्या भाषेत सांगायचं तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

माझी गाडी १९८१ ची. मॉडेल २४० डी. जाणकार मंडळी या मालिकेला ‘डब्ल्यू १२३’ म्हणतात. १९७६ पासून दहाएक वर्षांत अशा सुमारे २७ लाख गाड्या बनल्या. आपल्याकडे तिला श्रीमंतांची गाडी म्हणत असले तरी जर्मनीत ती टॅक्सीवाल्यांची लाडकी होती. तिच्या आधीच्या पिढीतल्या अशाच एका २४० डी ने ग्रीसमध्ये टॅक्सी म्हणून ४६ लाख किलोमीटर कापले, इंजिनं बदलत बदलत. २००४ मध्ये कंपनीने ती आपल्या संग्रहालयात ठेवून घेतली. माझी त्या मानाने अजून कॉलेजात आहे.

पळते कशी म्हणाल, तर पळत नाही. चालते. वजन १४०० किलोच्या आसपास आणि ताकद ७२ हॉर्सपॉवर! खंबाटकी घाटात मागचे ट्रकवाले हॉर्न देतात. पण एकदा सपाटीला लागली की अशी तरंगत जाते की मागच्या सीटवरचा माणूस पाच मिनिटांत झोपतो. ही गाडी घाईतल्या माणसासाठी नाहीच. माझ्यासारख्या, आयटीत डेडलाइनवर जगणाऱ्या माणसाला म्हणूनच ती आवडत असावी.

आता हिच्या नखऱ्यांबद्दल. हिचं सेंट्रल लॉकिंग विजेवर चालत नाही, हवेवर चालतं. खरं तर हवा नसण्यावर! इंजिनाला एक छोटा पंप आहे. तो व्हॅक्यूम तयार करतो, आणि बारीक प्लॅस्टिकच्या नळ्यांतून ती ओढ चारही दारं, डिकी आणि डिझेलच्या झाकणापर्यंत पोचते. इथपर्यंत ठीक. पण त्याच व्हॅक्यूमवर इंजिन बंदही होतं. डिझेल इंजिनाला स्पार्क नसतो, त्यामुळे ते थांबवायचं तर डिझेलच तोडावं लागतं, आणि ते काम या नळ्यांकडे. म्हणजे एखाद्या दाराच्या आत कुठेतरी रबर फाटलं, की किल्ली काढून खिशात टाकली तरी इंजिन आपलं सुरूच!

जंगली महाराज रोडवरच्या एका हॉटेलसमोर हे झालं. व्हॅले पार्किंगच्या पोराने किल्ली काढली, दार लावलं, आणि मग तो गाडीकडे असा बघायला लागला की भूतच दिसलं. मी शांतपणे बॉनेट उघडलं. आत जर्मन इंजिनिअरांनी अशाच प्रसंगासाठी एक खटका ठेवलाय, त्यावर स्वच्छ लिहिलंय ‘स्टॉप’. तो दाबला. शांतता. पोरगा म्हणाला, ‘‘सर, रिमोट नाही का?’’

ती गळती शोधायला आठ रविवार लागले. भवानी पेठेतले माझे मिस्त्री, त्यांना सगळे मामा म्हणतात, एकेक नळी खिळ्याने बंद करायचे, हातपंपाने ओढ द्यायचे आणि काटा खाली येतो का बघत बसायचे. ‘‘दादा, ही गाडी नाय, हे दम्याचं पेशंट हाय,’’ हे त्यांचं निदान. चोर शेवटी डाव्या बाजूच्या मागच्या दारात सापडला. रुपयाएवढा रबरी पडदा. तो जर्मनीहून मागवला तर कुरिअर आणि कस्टम धरून तोळ्याच्या भावाने पडत होता. मामांनी नाना पेठेतून काहीतरी आणून, कापून, बसवलं. तीन पावसाळे झाले, टिकून आहे.

मग मॉडिफिकेशनवाले भेटतात. जुनी गाडी दिसली की यांचे हात शिवशिवतात. सतरा इंची अलॉय, सस्पेन्शन खाली, काळ्या काचा, आत नवं कॉमन रेल इंजिन! मी फक्त तीन गोष्टी केल्या. एसी बदलला, कारण जुना आर-१२ वायू ओझोनला खातो म्हणून कधीच बाद झाला. आर-१३४ए साठी कॉम्प्रेसर, तेल आणि सील नवे लागले. मागच्या सीटला पट्टे लावले, कारण मुलगी तिथे बसते. आणि बेकरच्या जुन्या रेडिओच्या पोटात ब्लूटूथ लपवलं. बाकी हौस कितीही असली तरी कायदा आड येतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. मला तर बरंच वाटलं. या गाडीला अलॉय घालणं म्हणजे पैठणीला झिप लावण्यासारखं.

खरी परीक्षा इंजिनाने घेतली. सकाळी स्टार्ट व्हायला कुरकुर, मग गल्लीभर पांढरा धूर. शेजारच्या काकूंनी खिडक्या लावून घ्यायला सुरुवात केली, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. मामांनी कम्प्रेशन मोजलं आणि मान हलवली. दोन मार्ग होते. भंगारातून टेम्पो ट्रॅक्सचं इंजिन आणून बसवायचं, किंवा आहे तेच उघडायचं.

थांबा, मर्सिडीजमध्ये ट्रॅक्सचं इंजिन? हो! ही गोष्ट आपल्या पुण्यात फार थोड्यांना माहीत आहे. माझ्या गाडीतलं ओएम ६१६ हे चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आकुर्डीच्या बजाज टेम्पोने मर्सिडीजकडून परवाना घेऊन इथेच बनवलं. ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमध्ये तेच घातलं. शिर्डीला, कोल्हापूरला वडापमध्ये कोंबून गेला असाल, तर अभिनंदन, तुम्ही मर्सिडीजच्या इंजिनावर प्रवास केलाय.

आणि आमच्या घरात हे इंजिन बनवणारा माणूस राहतो. बाबा तिथे इंजिन शॉपला फिटर होते. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, त्याच्या आदल्या वर्षी रिटायर झाले. गाडी घेतली तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं, ‘‘हत्ती बांधलास, चारा कोण घालणार?’’ त्यानंतर दोन वर्षं ते तिच्यात बसलेही नाहीत. हाउसिंग सोसायटीच्या गेटपर्यंत रिक्षा बोलवायचे.

इंजिन उघडलं त्या दिवशी मी त्यांना जवळजवळ ओढतच गॅरेजला नेलं. त्यांनी हेड काढलेल्या ब्लॉककडे बघितलं, चष्मा पुसला, आणि सिलिंडरच्या वरच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. चारही. मग मामांना म्हणाले, ‘‘ब्लॉक चांगलाय. हा टाकू नका.’’ दुसऱ्या दिवशी माझ्या आधी तयार! हातात पत्र्याचा डबा, त्यात फीलर गेज आणि टॅपेटचे वाकडे पाने. हा डबा घरात आहे हे मला आयुष्यात माहीत नव्हतं.

सकाळची गोळी घेतली की नाही हे हल्ली बाबांना आठवत नाही. दोनदा देवळातून येताना रस्ता चुकले. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलंय की हे वाढत जाईल. पण इन्टेकचा गॅप किती, एक्झॉस्टचा किती, हेडचे बोल्ट कुठल्या क्रमाने आवळायचे... सगळं तोंडपाठ. नऊ दिवस ते स्टुलावर बसून सांगत होते आणि मामा ‘हो काका’ म्हणत करत होते. ब्लॉक जर्मन, रिंगा, गास्केट आणि बरंचसं सटरफटर नाना पेठेतल्या ट्रॅक्सच्या दुकानातलं. इंजिन नंबर मूळचाच राहिला, त्यामुळे कागदोपत्री काही बदल नाही. पहिल्याच फटक्यात स्टार्ट झालं. बाबांनी कान लावला आणि म्हणाले, ‘‘तिसऱ्याचा नोझल बघा.’’ मामांनी बघितला. तोच होता!

आता २०२६ मध्ये रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावं लागतं. आधीच्या मालकांनी २०२१ मध्ये पाच हजार भरले होते. एप्रिल २०२२ पासून इम्पोर्टेड गाडीला ते चाळीस हजार झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्यांसाठी थेट ऐंशी हजार. त्याच वयाच्या देशी गाडीला दहा. विंटेज म्हणून नोंदवावी तर पन्नास वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे २०३१. शिवाय विंटेज गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. म्हणजे माझी गाडी धड म्हातारीही नाही. जुनी डिझेल गाडी धूर करते, तिच्यावर जादा फी असावी हे मला पटतं. पण धूर काय इम्पोर्टेड-देशी बघून निघतो का?

घरात बैठक झाली. बायको म्हणाली, ‘‘भर, पण मग गोवा विसर.’’ मुलीने गाडीच्या बाजूने मत दिलं, पण तिचं मतदानाचं वय नाही. ‘इम्पोर्टेड’ हा शब्द बाबांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावला. मग म्हणाले, ‘‘अर्धी आमच्या आकुर्डीची आहे ती, असं सांग त्यांना.’’

त्यांना कोण सांगणार! पैसे भरणार आहे. फिटनेसची तारीख मिळायची आहे, त्याआधी मागचे दिवे आणि हँडब्रेक बघायचाय. मामा शनिवारी या म्हणालेत. बाबांनी डबा शुक्रवारीच दाराशी आणून ठेवलाय.