रोजची गोळी

आमच्या स्वयंपाकघरात, पवित्र हृदयाच्या तसबिरीखालच्या फळीवर, स्टीलचा एक लहानसा डबा आहे. त्यात रक्ताच्या कर्करोगावरील गोळ्या असतात. रात्रीचे जेवण आटोपले की ४०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठा पेलाभर पाण्याबरोबर घेतली जाते आणि मग आम्ही जपमाळेला बसतो. नोव्हेंबर २००९ पासून हा क्रम चालू आहे. मध्ये एकदा तो मोडला, त्याविषयी पुढे सांगणारच आहोत. गोळी घेणारे माणूस आम्हा दोघांपैकी एकच. पण आजार दोघांचा होऊन बसला आहे, म्हणून येथे ‘आम्ही’ असेच लिहीत आहोत. रक्त कोणाचे, हे आमच्या धर्मग्रामाला ठाऊक आहेच.

प्रारंभ अगदी साधा होता. वाडीतून केळीचे लोंगर आणताना दम लागू लागला. चार घास खाल्ले की पोट भरे, डाव्या बरगडीखाली जडपणा वाटे. अशक्तपणा असेल म्हणून दोन महिने काढे घेतले. अखेर रक्त तपासले, तेव्हा पांढऱ्या पेशी १,८०,००० निघाल्या. निरोगी माणसात त्या साधारण ४,००० ते ११,००० असतात. प्रयोगशाळेतील मुलाला आपल्या हातून एक शून्य जादा पडले असे वाटले. बिचाऱ्याने पुन्हा रक्त घेतले. पहाटेची लोकल धरून, एल्फिन्स्टन रोडला (२०१८ पासून त्या स्थानकाला प्रभादेवी म्हणतात) उतरून आम्ही परळच्या टाटा रुग्णालयात गेलो. तेथे आजाराचे नाव कळले: क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया.

या आजाराची खूण म्हणजे ‘फिलाडेल्फिया क्रोमोसोम’. १९६० साली अमेरिकेतील त्या शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना रुग्णांच्या पेशींत तो आखूड क्रोमोसोम दिसला. पुढे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवून दिले की, ९ व २२ या क्रमांकांच्या क्रोमोसोमचे तुकडे आपापसांत बदलले जातात. त्या अदलाबदलीतून एक विकृत प्रथिन तयार होते आणि ते पेशींना ‘वाढा, वाढा’ असा हुकूम अखंड देत राहते. आमची गोळी, इमॅटिनिब, त्या प्रथिनाचे तोंड बंद करते. फिलदेल्फिया हे नाव आम्हाला तोवर केवळ प्रकटीकरणाच्या पुस्तकातील सात मंडळ्यांपैकी एक म्हणून माहीत होते. बंधुप्रेम असा अर्थ असलेले नाव या आजाराच्या वाट्याला यावे, याचे आम्हाला हसू आले. त्या दिवसांत हसण्यासारखे दुसरे काही नव्हते.

अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळालेल्या या औषधापूर्वी अशा रुग्णाला बहुधा काही वर्षांचीच मुदत असे. मूळ स्विस कंपनीची गोळी महिन्याला सुमारे १,२०,००० रुपयांना पडे. भारतीय कंपन्यांची ८ ते १० हजारांत मिळे. पेटंटचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा स्वस्त गोळी बंद होईल की काय, ही धास्ती आमच्या घराने वर्षानुवर्षे बाळगली. निकाल १ एप्रिल २०१३ रोजी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी लागला. जुन्याच औषधाच्या नव्या स्फटिकरूपाला पेटंट नाकारले गेले. आम्ही ती बातमी उभ्यानेच ऐकली आणि तसेच चर्चमध्ये गेलो.

आणि अशी जपलेली गोळी आम्ही पुढच्याच वर्षी आपल्या हाताने बंद केली.

असे का केले, हे सांगणे कठीण आहे. गोळीचे त्रास होतेच. रात्री पोटरीत गोळे येत, सकाळी डोळे सुजत. एका लग्नात ते सुजलेले डोळे पाहून लोकांनी आमचे भांडण झाले असे ठरवले. पण खरे कारण तो त्रास नव्हता. आजाऱ्याने बरे व्हावे अथवा प्रभूच्या घरी जावे, या दोन्ही गोष्टी समाजाला समजतात. आम्ही दोन्ही करीत नव्हतो. पहिल्या वर्षी शेजारपाजारच्यांनी अंडी, शहाळी, सूप पोहोचवले; चौथ्या वर्षी तेच लोक विचारू लागले, “अजून गोळ्या चालूच?” त्यात दुष्टावा नव्हता. आम्हालाच मात्र तो प्रश्न आमच्या विश्वासाविषयीचा वाटू लागला.

२०१४ च्या फेब्रुवारीत आम्ही एका आध्यात्मिक साधनेला गेलो. तेथे बरे झालेल्यांच्या साक्षी ऐकल्या. औषध सोडा, असे कोणीही सांगितले नाही. तसे म्हटले तर ते असत्य ठरेल. परतताना गाडीत आम्हीच एकमेकांना म्हणालो, शेवटचा अहवाल ०.०४ टक्के आहे, म्हणजे आजार गेल्यातच जमा. आता प्रभूवर भार टाकू. ५ मार्च रोजी, राखेच्या बुधवारी, डबा कपाटात गेला. उपवासकाळ फार सुखाचा गेला. सूज उतरली, झोप लागू लागली. ईस्टरला लोक म्हणाले, “चेहऱ्यावर तेज आले आहे.”

जूनमधील तपासणीत आकडा ६ टक्के निघाला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी अहवाल दोनदा वाचला आणि एवढेच विचारले, “कधीपासून?” आम्ही दोघेही खाली पाहत राहिलो. आज काही निवडक रुग्णांची गोळी, आकडा वर्षानुवर्षे अगदी तळाशी राहिल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवली जाते. तरीही त्यांतील जवळजवळ निम्म्यांना ती पुन्हा सुरू करावी लागते. आम्ही केले ते निराळेच होते.

त्या रात्री गोळी पुन्हा सुरू झाली, पण प्रार्थना थांबली. प्रभूने आमचे ऐकले नाही, असा रुसवा होता. मग एका संध्याकाळी आमचे वृद्ध फादर सहज म्हणून आले. त्यांनी उपदेश केला नाही. चहा घेतला आणि बायबल मागून यशयाच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय उघडून दिला. हिज्कीया राजा मरणास टेकला असता रडून प्रार्थना करतो आणि त्याला आणखी १५ वर्षे मिळतात, ही कथा आम्हाला पाठ होती. फादरांनी बोट ठेवले ते पुढच्या एका ओळीवर. तेथे यशया राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो. “प्रार्थना तर ऐकली गेली होती,” फादर म्हणाले, “मग अंजिरे कशाला?” उत्तराची वाट न पाहता ते छत्री घेऊन निघाले. तो अध्याय आम्ही कितीदा वाचला असेल. अंजिरे कधी दिसलीच नव्हती.

आकडा ०.१ च्या खाली यायला चौदा महिने लागले. अजूनही दर तपासणीच्या आदल्या रात्री आम्हा दोघांना झोप येत नाही.

गेल्या नाताळाआधी नवे तरुण फादर घरांच्या भेटी घेत आले. त्यांच्या वहीत आमचे नाव रुग्णांच्या यादीत होते. आमच्याकडे नीट पाहून, जरा संकोचून त्यांनी विचारले, “हे नाव आता काढू का?” आतून केळी तळल्याचा वास येत होता, जेवणाची वेळ झाली होती. आम्ही त्यांना जेवायला थांबवले, आणि नाव राहू द्या, असे सांगितले.