टेकडीवरचे रिकामे गाव

रोमची यात्रा आटोपल्यावर आम्ही उभयता दक्षिण इटलीत उतरलो आणि मातेरा हे गुहांचे नगर पाहून क्राकोकडे निघालो. पोप दुसरे जॉन पॉल पूर्वी जेथे आर्चबिशप होते ते पोलंडमधील क्राकोव निराळे. हे क्राको बाझिलिकाता प्रांतातील एक ओसाड खेडे होय.

वाटेत दुतर्फा राखाडी मातीच्या, पावसाने चिरलेल्या उघड्या टेकड्या. एका वळणावर गाव एकदम दृष्टीस पडले. माथ्यावर नॉर्मन काळातील चौकोनी बुरूज आणि त्याखाली एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी दगडी घरे. दुरून पाहणाऱ्यास वाटावे, गावात दुपारची सामसूम आहे, इतकेच. जवळ गेल्यावर मात्र खिडक्यांतून पलीकडचे आकाश दिसू लागते.

फाटकाशी तिकीट घेऊन डोक्यावर शिरस्त्राण चढवावे लागले. वाटाड्याने प्रथमच बजावले की, कोठल्याही भिंतीला टेकू नका. या गावाचे दुखणे पायाखालीच होते. वर खडक, पण तो बसला आहे चिकणमातीच्या थरांवर. पाणी मुरले की माती घसरते. १९६३ साली मोठी दरड सरकली. जलवाहिन्यांच्या व गटारांच्या कामांनी तिला निमित्त दिले, असे सांगतात. सुमारे १,८०० माणसे खाली दरीत वसविण्यात आली. काहीजण हट्टाने मागे राहिले होते. पुढे १९७२ चा पूर आला आणि नोव्हेंबर १९८० च्या भूकंपानंतर त्यांनीही गाव सोडले. तत्पूर्वीच, १८९२ ते १९२२ या तीस वर्षांत, येथील तेराशेवर माणसे पोटासाठी अमेरिकेला गेली होती. जाताना त्यांनी ग्रामसंत हुतात्मा व्हिन्सेंट यांची भक्ती सोबत नेली आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांचा सण चालू ठेवला.

ज्यांनी जुने गोवे पाहिले आहे, संत ऑगस्टीनच्या भग्न मनोऱ्याखाली जे उभे राहिले आहेत, त्यांना संत निकोलसच्या देवळासमोर आमचे काय झाले ते सांगावयास नको. तेथेही रोगराईने माणसे उठली व घंटा थांबल्या. पण जुने गोवे राजधानी होते. हे आपल्यासारख्यांचे गाव. एका घराची दर्शनी भिंत ढासळलेली होती. आत चूल, चुलीवरची काजळी, निळसर गिलावा आणि भिंतीत एक खिळा. त्याच्याभोवती क्रुसाच्या आकाराचा फिकट डाग. जमिनीतून अंजिराचे झाड वर आले होते. ‘द पॅशन ऑफ द ख्राईस्ट’ या २००४ च्या चित्रपटातील यहूदाच्या गळफासाचे दृश्य याच गावी चित्रित झाल्याचे वाटाड्या कौतुकाने सांगत होता. आमचे लक्ष त्या खिळ्यावरून हलेना. छायाचित्र काढावयास कॅमेरा उचलला, तो तसाच खाली ठेवला. परक्याच्या स्वयंपाकघरात न विचारता शिरल्याची लाज वाटली.

खानापूरजवळ आमचेही एक घर आहे. मातोश्री वारल्यापासून बंद. दोन बंधू मुंबईस, एक मस्कतला. कौले फुटली आहेत, हे प्रत्येक नाताळात एकमेकांस कळवितो व सुट्टी नाही म्हणून थांबतो. आमच्या पायाखालची जमीन कधी सरकलेली नाही.

परतताना टेकडीच्या पायथ्याशी एक वृद्ध गृहस्थ आपल्या ऑलिव्हच्या झाडांची निगा राखीत होते. त्यांनी काठीने वर दाखविले. बुरुजापासून तिसरी ओळ, डावीकडून चौथी खिडकी, तेथे त्यांचा जन्म झाला. मग वाटाड्यामार्फत त्यांनी आमची विचारपूस केली. घर आहे का? आहे. कोण राहते? कोणी नाही, कुलूप आहे.

“किल्ली कोणाकडे?” त्यांनी विचारले.

किल्ली आमच्याकडेच होती.